बापाची कात्री

त्सुबोउरात उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात पाचला नगरपालिकेचे कर्णे वाजतात. पोरांनो, खेळ आवरा, घरी जा, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी त्यावर एक जुनीपुराणी चाल लागायची, तिच्याकडे कुत्रंही लक्ष देत नसे. आता लागते ती 'हिमोनो'ची चाल. हिमोनो म्हणजे सुकी मासळी. सगळं गाव तिच्यावर जगतं, आणि या गावच्या न्हाव्याच्या पोराने तोक्योत जाऊन आपल्या पंक बँडला तेच नाव दिलं, तेव्हा गावाला तो आपला अपमान वाटला होता. पुढे त्या बँडची गाणी देशभर वाजू लागली आणि गावाने अपमान परत घेतला. गावं असा अपमान फार चटकन परत घेतात. कर्ण्यावर नुसती चाल वाजते, घंटांच्या गोड आवाजात, बोल नसतात. नसतात तेच बरं, कारण त्या गाण्यातलं पोरगं घसा फोडून एकच सांगतं, की मी घरी येणार नाही.

कर्णे सुरू झाले की कुवाबारा तोकुजी केस वाळवायचं यंत्र चालू करतो. खुर्चीत गिऱ्हाईक असो नसो. ऐंशी ओलांडलेला माणूस, हातात घरघरणारं यंत्र धरून आरशासमोर उभा राहतो, आणि चाल संपली की बंद करतो. गाण्यातला बाप तो हाच.

गाण्याचं नाव 'बापाची कात्री'. जपानात चाळिशीच्या पुढचा असा माणूस सापडायचा नाही ज्याने कराओकेच्या खोलीत बिअर पिऊन ते एकदा तरी ओरडलेलं नाही. 'झोपलेल्याच्या मानेवर बापाची कात्री, सांज झाली, हाका मार, मी येत नाही, येत नाही, येत नाही घरी.' बँकेतले साहेब टाय डोक्याला बांधून ओरडतात. लग्नात मुलाकडचे ओरडतात. आणि मुलगा मिचिआकी, ज्याने ते लिहिलं, तो तिशी ओलांडली न ओलांडली तोच उत्तरेकडच्या एका बर्फाळ रस्त्यावर बँडची गाडी उलटून गेला. गाणं मात्र अजून धडधाकट आहे.

तोकुजीच्या दुकानात अजूनही लोक येतात. बुलेट ट्रेन, मग साधी गाडी, मग बस, अशी यातायात करून येतात. चामड्याची जाकिटं, नाकात रिंगा, गळ्यात कुत्र्याचे पट्टे, आणि दारात आले की छत्री नीट झटकून उभी करणार आणि कमरेत वाकून म्हणणार, "आगाऊपणाची माफी असावी, पण जॅकेटवरचा कट मिळेल का?"

जॅकेटवरचा कट म्हणजे पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर मिचिआकीचा जो फोटो आहे तो. सतरा वर्षांचं पोरगं, डोळे सुजलेले, आणि डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं. डाव्या कानामागे पायऱ्या पायऱ्या, उजवीकडे एक झुपका तसाच राहिलेला, कपाळावर तिरकस. ज्या दिवशी कात्री चालली त्याच दिवशी दोस्ताने बंदरावर काढलेला फोटो. हे ध्यान पुढे फॅशन झालं.

आणि तोकुजी कापून देतो. एखाद्या शिंप्याला रोज मुद्दाम उसवलेला सदरा शिवायला सांगावा, तसं ते काम. ज्या हाताने आयुष्यभर मानेवरची रेघ सरळ धरली, त्या हाताने तो डाव्या कानामागे पायऱ्या पाडतो, उजवीकडचा झुपका राखतो, कपाळावर तिरकं जातो. कात्रीने कुठे घाई केली, कुठे ती थरथरली, कुठे घाबरून थांबली, सगळं त्याला पाठ आहे. गिऱ्हाईक डोळे मिटून बसतं, देवळात बसल्यासारखं.

"काका, कात्री जरा वर धरा ना," ओसाकाहून आलेली एक मुलगी फोटो काढताना म्हणाली होती. "आणि रागावून बघा."

तोकुजीने बघितलं.

"हे दात दुखल्यासारखं दिसतंय. आणखी रागात. गाण्यातल्यासारखं."

"मला याहून जास्त येत नाही," तोकुजी म्हणाला. मुलगी हसली, तिला तो विनोद वाटला. समोर मासळी वाळत घालणारी हामाए हे सगळं बघत असायची. ती मोठ्याने म्हणाली, "तोकुसान, मेल्या, इतकं पोरींनी कधी तरुणपणी नाही बघितलं तुझ्याकडे." गाव तसं प्रेमळ आहे. प्रेमाने बोचकारणारं.

खरी गोष्ट अशी, की मिचिआकीचे केस तोकुजीने कापलेच नव्हते.

पोराने वर्षभर केस वाढवले होते, साबण लावून ते उभे करायचा आणि तसाच शाळेत जायचा. शाळेतून निरोपावर निरोप येत होते. तोकुजीला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. केस म्हणजे त्याच्या धंद्यातली वस्तू, आज आहे, उद्या जमिनीवर. एकदा तर तो पोराला म्हणाला होता, "मागून वाकडं आलंय. बस, सरळ करून देतो. उभेच ठेवतो." पोरगं लाजून पळालं. बापाने करून दिलेले बंडखोर केस घेऊन कोण फिरणार?

जीव जात होता तो सुमिएचा, बायकोचा. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, माहेरचे सगळे जमणार होते, आणि तिचा थोरला भाऊ शाळेत उपमुख्याध्यापक. तिला रात्रभर झोप नव्हती. पहाटे उजाडता उजाडता ती दुकानातली कात्री घेऊन वर गेली. तिने आयुष्यात कधी कोणाचे केस कापले नव्हते. पोरगं कुशीवर होतं, एक बाजू कापली, ते वळलं, दुसरीकडे कसंबसं कापलं, मग तिचे हात गळाले.

खाली तोकुजी आरसा पुसत होता. सुमिए जिन्यावरून आली, कात्री त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "अहो, मी काय करून बसले." मग ती स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली. त्याला नीट कळायच्या आत मिचिआकी डोकं हातात धरून खाली आला. त्याने बापाच्या हातातली कात्री बघितली. पात्याला अजून केस चिकटलेले होते.

"तुम्ही?"

तोकुजीने पोराच्या खांद्यावरून आत पाहिलं. सुमिए तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा फडका कोंबून बसली होती. तिच्याकडे बघून त्याचा हिशेब झाला. बापाशी भांडण झालं तर पोर चार दिवसांत विसरतं, आईवर चिडलं तर ते मनात ठेवतं. आपण अंगावर घेऊ, चार दिवस गुरगुरेल, पाचव्या दिवशी भात मागेल.

"हो, मीच कापले," तोकुजी म्हणाला. "गप जेवायला बस."

पोरगं जेवायला बसलं नाही. वसंतात शाळा संपली त्याच दिवशी गिटार घेऊन गेलं. चार दिवसांचे चार महिने झाले, मग गाणं आलं, आणि गाणं आल्यावर मोजायला काही उरलंच नाही.

तोकुजीला यातून एक गोष्ट मिळाली. पोरगा आईला फोन करत राहिला. महिन्यातून एकदा, मोठ्या स्टेडियममध्ये गाऊन आला तरी, "आई, जेवलीस का?" तोकुजी दुकानात बसून तिचं हसणं ऐकायचा. म्हणजे व्यवहार अगदीच आतबट्ट्याचा नव्हता, असं तो स्वतःला सांगायचा. फोन ठेवला की सुमिए काही न बोलता केरसुणी घेऊन दुकानात यायची आणि दिवसभराचे केस झाडून काढायची. तिने तोकुजीला केरसुणीला कधी हात लावू दिला नाही. तापात असली तरी उठून झाडायची. त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. पोराला जाळून आल्यावर तेवढं एकदा ती म्हणाली, "मी सांगायला हवं होतं." तोकुजी म्हणाला, "आता कोणाला सांगणार?" मग ती उठली आणि दुकान झाडलं. त्या दिवशी दुकान बंद होतं, जमिनीवर एकही केस नव्हता.

जगाने त्याला कसाई ठरवलं होतं आणि त्याला ते चालत होतं. कारण रोज संध्याकाळी केरसुणीचा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजात कबुली होती. एका माणसाला खरं ठाऊक होतं. तोकुजीसारख्या माणसाला एक पुरतो.

मग चार-पाच वर्षांमागे नगरपालिकेचे मोरिवाकी आले. बरोबर दोघे, सगळे काळ्या सुटात, आणि कापडात गुंडाळलेली मिठाईची पेटी. गावातली पोरं कमी होत चालली आहेत, जुन्या चालीचा कोणाला उत्साह वाटत नाही, तर आपल्या गावच्या कलावंताची चाल संध्याकाळी लावावी असा विचार आहे.

"घरी या म्हणून सांगायला?" तोकुजीने विचारलं.

"बोल नसतील ना, नुसती चाल," मोरिवाकी म्हणाले. "चाल फार हळवी आहे हो."

"विचार करून सांगतो," तोकुजी म्हणाला. विचार करून सांगतो म्हणजे नाही, हे त्सुबोउरात शेंबड्या पोरालाही कळतं. मोरिवाकींनाही कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि पेटी उचलून न्यायला हात पुढे केला. तेवढ्यात सुमिए चहा घेऊन आली, गुडघ्यांवर बसली, कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणाली, "मिचिआकी रोज संध्याकाळी घरी येईल. फार उपकार झाले." आणि तिने पेटी दोन्ही हातांनी घेऊन आत नेली.

पेटी आत गेली की गोष्ट संपली. ती परत करायची म्हणजे तिघांची तोंडं काळी करायची आणि बायकोला सगळ्यांसमोर वेडी ठरवायचं. तोकुजीने वाकून नमस्कार केला. त्याच वेळी त्याच्या लक्षात यायला हवं होतं, की सुमिए आल्यागेल्यासमोर नवऱ्याच्या आधी बोलणाऱ्यातली नव्हती. तिच्या डोक्यात पडझड सुरू झाली होती आणि त्याला तो आनंद वाटला.

सुरुवातीला ती चालीबरोबर गुणगुणायची. दारात उभी राहायची, कर्ण्याकडे बघून हात हलवायची. मग चाल तशीच राहिली आणि बाकीचं एकेक जायला लागलं. बाजारातून परतीची वाट गेली, भावाचं नाव गेलं, भात लावायचं गेलं. गाण्याचे बोल मात्र गेले नाहीत. ते तर जास्तच स्वच्छ झाले. एका संध्याकाळी कर्णे वाजत होते, सुमिए हातात पळी घेऊन चुलीपाशी होती, आणि ती मागे वळून म्हणाली, "तुम्ही का कापलेत हो त्याचे केस?"

तोकुजीला वाटलं, चेष्टा करते आहे. इतक्या वर्षांनी का होईना, त्या गोष्टीची चेष्टा करता यायला लागली, म्हणून त्याला हायसंही वाटलं. तो हसला.

"हसता काय? झोपलेल्या लेकरावर कात्री चालवता. माणूस आहात की कोण?"

त्या दिवसापासून दुकान झाडायला ती आली नाही. केस पडून राहायला लागले, वाऱ्याने खुर्चीखाली जमायला लागले. तोकुजीने केरसुणी हातात घेतली तेव्हा ती त्याला जड लागली. आयुष्यभर बायकोचे केस त्यानेच कापले होते, आता ती त्याला डोक्याला हात लावू देईना. "याच्या हातात कात्री देऊ नका," असं हामाएला सांगायची. केस वाढून डोळ्यांवर आले तरी फडकं बांधून बसायची. त्याने वाढलेलं जेवण हुंगून बघायची आणि ताट हामाएच्या दारात नेऊन ठेवायची. हामाए ते परत आणून द्यायची आणि या वेळी टोमणा मारायची नाही. ती गप्प बसली, यावरूनच तोकुजीला कळलं की आपलं दिसायला फारच वाईट चाललं आहे.

एकदा त्याने सांगून टाकलं. संत नव्हता तो. सकाळची वेळ होती, सुमिए त्या दिवशी बरी दिसत होती, नवऱ्याला ओळखत होती, आणि तरी म्हणाली, की तुमच्यापायी माझं लेकरू गेलं. तोकुजीचा संयम तुटला. "सुमिए," तो म्हणाला, "मी नाही. तू कापलेस. तू माझ्या हातात कात्री दिलीस. आठव."

तिने आठवलं की नाही, देव जाणे. पण तिचा चेहरा असा झाला की तो बघायला नको होता. "मी? आई असून?" ती म्हणाली. मग विचारलं, "त्याला माहीत आहे?" मग, "तो कुठे आहे?" आणि तो गेला हे तिला त्या क्षणी नव्याने कळलं, दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. ती जमिनीवर पडून रडली, त्या पहाटेसारखीच, तोंडात फडका कोंबून. तोकुजी तिच्याशेजारी बसून सांगत राहिला, "नाही गं, नाही. चेष्टा केली मी. मीच कापले. मीच." ती शांत झाली, झोपली, उठली आणि विसरली. तोकुजी विसरला नाही. तो उपाय आपल्याजवळ आहे आणि तो कधी वापरायचा नाही, एवढं त्याला पक्कं समजलं.

यंदाच्या ओबोनला, पितर घरी येण्याच्या दिवशी, दुपारी दुकानासमोर एक भाड्याची मोटार थांबली. उतरला तो एक लंगडत चालणारा, टक्कल पडलेला जाडा माणूस. तोकुजीने ओळखलं नाही. त्या माणसाने टोपी काढली आणि वाकला.

"तात्सुमी, काका. हिमोनोत बेस वाजवायचो. अंत्यविधीला आलो होतो, कुबड्यांवर."

"बस," तोकुजी म्हणाला. मग त्याच्या डोक्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यासाठी माझ्याकडे काम मात्र नाही."

तात्सुमी खूप हसला. आता तो योकोहामात टॅक्सी चालवतो. गाडीत कधीकधी गिऱ्हाईकं 'बापाची कात्री' गुणगुणतात, तो काही बोलत नाही. त्याने पितरांसमोर उदबत्ती लावली, मिचिआकीच्या फोटोसमोर सिगारेटचं पाकीट ठेवलं आणि दुकानात येऊन खुर्चीत बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. दुसरी बसायला जागा नव्हती. सुमिए आत काकडीला काड्यांचे पाय टोचून घोडा करत होती. पितरांनी येताना भरभर यावं, म्हणून घोडा. तो तिला अजून जमायचा.

"काका, मला एक बोलायचं होतं, वीस वर्षं राहून गेलं," तात्सुमी आरशातून म्हणाला. "मिचीला ते गाणं नको झालं होतं."

तोकुजी वस्तरा पुसत होता, तो पुसत राहिला.

"तुमच्यावरचा राग कधीच संपला होता त्याचा. पण गाणं संपेना. दर कार्यक्रमात शेवटी तेच. एकदा नागोयाला त्याने गायलं नाही, तर लोकांनी बाटल्या फेकल्या, दिवे लागले तरी हलेनात. शेवटी परत जाऊन गायलाच. मी म्हटलं, अरे, म्हाताऱ्याला फोन कर एक. तर म्हणे, रात्री पाच हजार माणसांसमोर त्याला शिव्या घालायच्या आणि सकाळी विचारायचं, बाबा, कसे आहात? कोणत्या तोंडाने?"

"चाललं असतं," तोकुजी म्हणाला. "मी उचलला असता."

"शेवटच्या दौऱ्यात तो ती रेकॉर्ड घेऊन बसायचा. गाडीत, हॉटेलात. जॅकेटवरचा स्वतःचा फोटो बघत. एकदा मला म्हणाला, तात्सुमी, हे बघ, हे काय कापलंय? पायऱ्या पायऱ्या. माझा बाप आंधळा झाला तरी असं कापणार नाही. बापाने कापले असते तर सरळ कापले असते." तात्सुमीने आरशातून तोकुजीकडे पाहिलं. "दौरा संपला की त्सुबोउराला जाणार होता. म्हणाला, म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसतो, केस कापून घेतो, आणि एक विचारतो. काय विचारणार ते नाही सांगितलं मला. दोन दिवसांनी बर्फावर गाडी घसरली."

वस्तरा कधीचाच कोरडा झाला होता. तोकुजीला वाटलं, आपल्याला बसायला हवं, पण खुर्चीत तात्सुमी होता. पोरगं येणार होतं. त्याला दिसलं होतं. धंद्यातल्या माणसाचं पोर, त्याला उशिरा का होईना कात्रीचा हात ओळखू आला होता. इतकी वर्षं दुकानात तोच वाकडा कट अनोळखी डोक्यांवर काढताना तोकुजीच्या मनात एकदाही आलं नव्हतं, की मिचिआकीही तो कट बघत असेल.

"काका, पुढच्या महिन्यात रेडिओवर हिमोनोवर कार्यक्रम आहे," तात्सुमी म्हणाला. "मला बोलावलंय. मी सांगेन ते सगळीकडे ऐकतील. तुम्ही फक्त मला सांगा. कोणी कापले?"

तोकुजीने तोंड उघडलं. आता ओठांवर आलंच होतं. एक माणूस पुरतो, आणि तो एक माणूस समोर बसला होता, टक्कल पडलेला, लंगडा, भला. सांगितलं तर यापुढे दुकानात कोणी कात्री वर धरायला सांगणार नाही. गाणं सुरू झालं की निदान एका टॅक्सीत एक माणूस मनात म्हणेल, तो नव्हता.

आणि ती? कर्ण्यावरचं जिला कळतं, तिला रेडिओवरचं कळणार नाही? हामाएकडे दिवसभर रेडिओ चालू असतो. सुमिए तिथेच ताट घेऊन बसते.

सुमिए काकडीचा घोडा तळहातावर घेऊन दुकानाच्या दारात उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक.

"यांनीच," ती तात्सुमीला म्हणाली, पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने. "मी होते ना घरात. मी डोळ्यांनी बघितलं."

तात्सुमी खुर्ची फिरवून तोकुजीकडे बघत राहिला.

"मीच कापले," तोकुजी म्हणाला. "झोपेत. गाण्यात आहे तसंच."

"वाकडे?"

"घाईत होतो."

तात्सुमीने खुर्ची परत आरशाकडे वळवली. मग उठला, टोपी घातली, वाकला. त्याला पटलं नव्हतं की पटलं होतं, हे त्याच्या पाठीवरून कळलं नाही. दारातून तो म्हणाला, "मिचीला फार बरं वाटलं असतं, काका, कापणारे तुम्ही नसतात तर." आणि मोटार निघून गेली.

सूर्य कलल्यावर तोकुजीने दारात मातीची थाळी ठेवली, तिच्यात तागाच्या वाळक्या काड्या रचल्या, शेजारी पाण्याची बादली आणून ठेवली. आज रस्त्यावर प्रत्येक दारात तेच चाललं होतं. पितरांना वाट दिसायला धूर हवा. सुमिए थाळीपुढे उकिडवी बसली, घोडा तिने दाराकडे तोंड करून ठेवला. आज ती खुशीत होती. तोकुजीने तिच्या मागे उभं राहून काडी ओढली आणि वाकून आग लावली. तिने त्याला लावू दिली.

धूर वर चढायला लागला आणि कर्णे सुरू झाले. आग सोडून यंत्र चालू करायला आत जाता येत नव्हतं, म्हणून कितीतरी दिवसांनी तोकुजीने ती चाल पहिल्यापासून ऐकली. मोरिवाकी म्हणाले होते ते खोटं नव्हतं. चाल हळवी होती. शिव्यांच्या खाली पोराने ती लपवली होती. येत नाही, येत नाही, येत नाही घरी, असं म्हणताना ती प्रत्येक वेळी थोडी वर जायची आणि उत्तराची वाट बघत थांबायची. तोकुजीला हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि तो स्वतः यंत्र चालू करून उभा राहिला होता.

सुमिएने धुराकडे हात पुढे केले.

"मिचिआकी," ती म्हणाली, "ये रे बाळा. ये आत. का थांबलास?" तिने जरा कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मग आवाज खाली आणून, धुराला समजावत म्हणाली, "घाबरू नको. तो माणूस घरात नाही. मी घालवलंय त्याला."

तोकुजी तिच्या मागेच उभा होता, हाताच्या अंतरावर. तिला ते आठवत नव्हतं. चाल शेवटाला आली होती. त्याने काड्यापेटी बादलीशेजारी ठेवली, पायांचा आवाज न करता दुकानातून आत गेला, फोटोसमोरून जाताना मान खाली घातली, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडला. मागे मासळी वाळवायचे मांडव होते, रिकामे. तिथे तो उभा राहिला. कर्णे थांबले. जो यायचा होता त्याला यायला मोकळीक मिळाली होती.

थोड्या वेळाने आतून सुमिएचा आवाज आला. "आलास? किती उशीर. बस, आधी जेवून घे." मग वाट्या मांडल्याचा आवाज आला, एक तिची, एक त्याची. तोकुजीने मागचं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.